न्यायमूर्तींची वाकडी करंगळी

मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात १९९३ ते २०१५ या काळात ज्यांनी बाजू मांडली, त्या वकिलांना न्यायपीठावरचा एक हात नक्की आठवत असेल. काळ्या झग्याच्या बाहीतून बाहेर आलेला, भलामोठा, आणि त्याची करंगळी उरलेल्या बोटांची संगत सोडून जवळजवळ काटकोनात बाहेर वळलेली. हा हात न्यायमूर्ती ॲलन पेज यांचा. न्यायाधीश होण्याआधी पंधरा वर्षं ते व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळले. बचावफळीच्या मधोमध, डिफेन्सिव्ह टॅकलच्या जागेवर. त्या वर्षांत करंगळीचा सांधा वारंवार निखळायचा, जागेवर बसवला जायचा आणि पुढे केव्हातरी पुन्हा निखळायचा. शेवटी तो आहे तसाच राहिला. २०१३ साली पेज यांनी आपल्या मुलीसोबत लहान मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं, तेही या करंगळीवरच.

पेज यांची कहाणी अमेरिकेत साधारणपणे अशी सांगतात : मोठा खेळाडू होता, खेळ संपल्यावर कायदा शिकला, वकील झाला, न्यायाधीश झाला. ऐकायला छान वाटते, पण 'खेळ संपल्यावर' हे शब्द तिच्यात चुकीचे आहेत. पेज यांनी कायद्याची पदवी मिळवली १९७८ मध्ये आणि ते शेवटचा सामना खेळले १९८१ मध्ये. त्यांच्यातला न्यायाधीश मैदानावर असतानाच घडत होता, आणि ते घडणं खेळाला फारसं मानवलं नाही. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल, त्यातही बचावफळीतलं काम, माणसाचं शरीर भाड्याने घेतं आणि हळूहळू सगळ्या माणसावरच मालकी सांगू लागतं. पेज यांनी शरीर दिलं, मालकी दिली नाही. त्यांची थोरवी मला या नकारात दिसते. मैदानावरचे पराक्रम आणि न्यायालयातली कारकीर्द ही दोन वेगळी प्रकरणं म्हणून वाचली, तर हा नकार त्यांच्या मधल्या फटीत पडून हरवतो.

हा नकार समजण्यासाठी आधी बचावफळीतलं ते काम काय असतं ते पाहायला हवं. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. दोन्ही संघांच्या पहिल्या फळ्या एकमेकींसमोर हातभर अंतरावर वाकून बसतात. डिफेन्सिव्ह टॅकल एक हात जमिनीला टेकवून बसलेला असतो, चेंडू हलला रे हलला की उसळण्यासाठी. त्याच्यासमोरचे गडी बहुधा त्याच्याहून वजनदार असतात, आणि अनेकदा एकाला अडवायला दोघं येतात. त्या भिंतीतून वाट काढून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचायचं, आणि हातात वेळ जेमतेम तीन सेकंद. यातली खरी अडचण वजनाची नाही, माहितीची आहे. आक्रमण करणाऱ्या अकराही जणांना डाव ठाऊक असतो. चेंडू कुठे जाणार, कोण कोणाला अडवणार, सगळं आधी ठरलेलं असतं. बचाव करणाऱ्याला ते समोरच्याच्या खांद्यावरून, पायाच्या पहिल्या हालचालीवरून, नजरेवरून वाचावं लागतं आणि वाचता वाचताच धावावं लागतं. पेज यांच्याबद्दल सगळे सहकारी आणि विरोधक एकाच गोष्टीवर बोलतात : पहिलं पाऊल. चेंडू हलला हे समोरच्याच्या ध्यानात येईपर्यंत हा माणूस त्याच्या शेजारच्या फटीत शिरलेला असे. अंगाने ते त्या जागेसाठी धिप्पाड नव्हते. उंची सहा फूट चार इंच, वजन २४५ पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण १११ किलो. त्यांचा खेळ उभा होता तो वेगावर आणि वाचण्यावर.

अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाने १९६७ मध्ये त्यांना नोत्र दाम विद्यापीठातून पहिल्याच फेरीत निवडलं. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज या चौघांची फळी अमेरिकेत 'पर्पल पीपल ईटर्स' म्हणून गाजली, कारण संघाचा रंग जांभळा होता. १९६९ च्या हंगामात या संघाने १४ सामन्यांत मिळून फक्त १३३ गुण दिले, १९७१ मध्ये १३९. म्हणजे सामन्यामागे जेमतेम दहा गुण. ज्या खेळात एकेका 'टचडाउन'चेच सहा गुण मिळतात, तिथे हा आकडा केवढा लहान आहे हे त्या खेळाशी ओळख नसलेल्यालाही कळावं. त्याच १९७१ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, असोसिएटेड प्रेसने पेज यांना संपूर्ण लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून निवडलं. हा मान तोवर एकाही बचावपटूला मिळाला नव्हता. त्यानंतर तो फक्त एकदा बचावपटूकडे गेला, १९८६ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरकडे. चार वेळा व्हायकिंग्ज 'सुपर बोल' या अंतिम सामन्यात पोहोचले आणि चारही वेळा हरले. कॅन्सस सिटी, मायामी, पिट्सबर्ग, ओकलंड. पेज चारही सामने खेळले. या पराभवांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझ्या मुद्द्याला त्याची फारशी गरज नाही.

गरज आहे ती एका वेगळ्या नोंदीची, म्हणजे न झालेल्या नोंदीची. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच पाडणं याला 'सॅक' म्हणतात. लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्सने हा शब्द रूढ केला. बचावपटूच्या कामाचं हे सर्वांत ठळक माप. पण लीगने ते अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९८२ मध्ये. पेज निवृत्त झाले त्याच्या आदल्या वर्षी. त्यामुळे लीगच्या अधिकृत दप्तरात ॲलन पेज या नावासमोर सॅकचा आकडाच नाही. त्यांच्या गौरवात वर्षानुवर्षं १७३ हा आकडा सांगितला जायचा. जुनी सामनापत्रकं आणि चित्रफिती धुंडाळून अभ्यासकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनधिकृत मोजणीत तो १४८.५ भरला. या फरकात कोणाची लबाडी शोधायची गरज नाही. क्वार्टरबॅकने किती यार्ड चेंडू फेकला, हे लीग १९३२ पासून वर्षागणिक लिहून ठेवत होती. त्याला पाडणाऱ्याचं काम लिहावंसं पन्नास वर्षं कोणाला वाटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्या कामाचं माप नसतं, त्याला मालक दुसऱ्याच मापाने मोजतो. वजनाचा काटा सगळ्यांत सोपा. हे पुढे पेज यांच्या वाट्याला आलं.

त्याआधी दुसरी एक गोष्ट घडत होती. १९७० पासून पेज खेळाडूंच्या संघटनेत व्हायकिंग्जचे प्रतिनिधी होते, पुढे तिच्या कार्यकारी समितीवरही आले. त्या काळी खेळाडूचा करार संपला, तरी तो मोकळा होत नसे. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्या नावाने ओळखला जाणारा १९६३ चा एक नियम असा होता : करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघाने घेतला, तर त्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची, आणि भरपाई काय ती दोन्ही संघांचं जमलं नाही तर आयुक्त ठरवणार. भरपाई म्हणून आपला कोणता खेळाडू काढून घेतला जाईल हेच माहीत नसेल, तर कोणता संघ असा व्यवहार करील? कागदावर करार संपत असे, व्यवहारात संपत नसे. १९७४ च्या उन्हाळ्यात खेळाडू संपावर गेले. त्यांची घोषणा होती, 'स्वातंत्र्य नाही, तर फुटबॉल नाही'. संप ऑगस्टमध्ये मोडला. पण बाल्टिमोर कोल्ट्सचा खेळाडू आणि संघटनेचा अध्यक्ष जॉन मॅकी याच्या नावाने चाललेल्या दाव्यात मिनियापोलिसचे संघीय न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी १९७५ च्या डिसेंबरात तो नियम बेकायदा ठरवला आणि पुढच्या वर्षी अपिलातही निकाल टिकला. हा दावा पेज खेळत होते त्याच महानगरात चालला, आणि ज्या वर्षी निकाल लागला त्याच वर्षी पेज मिनेसोटा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात दाखल झाले. या दोन गोष्टींचा थेट कार्यकारणभाव लावण्याचा मोह मी टाळतो, कारण कायद्याची ओढ त्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून होती. ओहायोतल्या कँटन या पोलादाच्या गावात वाढताना गिरणीतली मजुरी डोळ्यांसमोर होती आणि टीव्हीवर 'पेरी मेसन' हा वकील. पूर्वी एकदा त्यांनी कायद्याला प्रवेश घेऊन काही आठवड्यांतच सोडूनही दिलं होतं. एवढं मात्र नक्की म्हणता येतं की दुसऱ्या खेपेला वर्गात येऊन बसलेला माणूस कराराची कलमं पुस्तकाबाहेरही वाचून आला होता.

१९७५ ते १९७८ अशी तीन वर्षं ते पूर्ण हंगाम खेळत होते आणि कायदा शिकत होते. इथे एक आक्षेप सरळ उभा राहतो. सर्वस्व ओतल्याशिवाय कोणत्याही क्षेत्रात शिखर गाठता येत नाही, आणि एक पाय वर्गात ठेवणाऱ्या खेळाडूकडून संघाने पूर्ण मोबदल्याची अपेक्षा कशी करायची? प्रश्न रास्त आहे. उत्तर १९७६ च्या हंगामात सापडतं. विधी महाविद्यालयाचं दुसरं वर्ष चालू असताना त्या हंगामात पेज लीगच्या निवडक खेळाडूंच्या 'प्रो बोल' सामन्यासाठी सलग नवव्यांदा निवडले गेले आणि संघ चौथ्यांदा अंतिम सामन्यात पोहोचला. दोन वर्षं पुस्तकं वाचूनही त्यांचं पहिलं पाऊल मंदावलं नव्हतं. जे बदलत होतं ते वेगळंच. त्यांची पत्नी डायन सिगारेट सोडण्यासाठी धावू लागली, तिच्या सोबतीला पेजही धावू लागले, आणि त्यांना धावण्याची गोडी लागली. आधी काही मैल, मग रोज, मग लांब पल्ला. १९७९ मध्ये त्यांनी पूर्ण मॅरेथॉन पार केली. लीगमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिले खेळाडू मानले जातात. एवढं धावणाऱ्या माणसाच्या अंगावर चरबी राहत नाही. वजन उतरत उतरत २२५ पौंडांच्या आसपास आलं.

ऑक्टोबर १९७८. हंगामाचे सहा सामने झाले होते. पेज ३३ वर्षांचे होते, त्याच वर्षी त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती. व्हायकिंग्जने त्यांना संघातून काढलं. प्रशिक्षक बड ग्रँट यांचं म्हणणं असं होतं की पेज यांनी स्वतःच घालून दिलेल्या पातळीचा खेळ आता त्यांच्याकडून होत नाही, आणि एवढ्या हलक्या अंगाने त्या जागेवर टिकाव लागत नाही. संघाने सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाला दावा सांगता येतो. शिकागो बेअर्सने तो सांगितला. त्याची नियमानुसार ठरलेली किंमत होती शंभर डॉलर. सात वर्षांपूर्वी जो लीगमधला सर्वांत मौल्यवान खेळाडू होता, त्याचा हा भाव.

ग्रँट यांची बाजू मी झटकून टाकू इच्छित नाही. ते उत्तम प्रशिक्षक होते आणि त्यांच्यापुढे जिंकण्याचा प्रश्न होता. टॅकलचं निम्मं काम धावत येणाऱ्या आक्रमणाला जागेवर अडवून धरण्याचं असतं, आणि तिथे दहा किलोंचा फरक पडतोच. नेमकं १९७८ मध्ये लीगने नियम बदलले. आक्रमक फळीतल्या खेळाडूंना हात लांब करून, पंजे उघडून अडवण्याची मुभा मिळाली, तेव्हा फटीत शिरणाऱ्या बचावपटूचं काम आणखी कठीण झालं. तिशी उलटलेल्या, हलक्या झालेल्या खेळाडूबद्दल शंका येणं समजण्यासारखं आहे. पण ही शंका कितपत खरी होती, हे तपासायची सोय इतिहासाने ठेवली आहे. शिकागोचे मुख्य प्रशिक्षक नील आर्मस्ट्राँग आणि बचावाचे प्रशिक्षक बडी रायन, दोघांनीही पूर्वी व्हायकिंग्जमध्ये काम केलं होतं. त्यांना पेज यांचं वजन किती आहे यापेक्षा ते काय करतात हे माहीत होतं. शिकागोसाठी पेज ५८ सामने खेळले, एकही न चुकवता, आणि अनधिकृत मोजणीनुसार त्यांनी चाळीसच्या आसपास सॅक केले. 'संपलेल्या' खेळाडूने त्यापुढे तीन वर्षं आणि वर अर्धा हंगाम काढला. कारकिर्दीत एकूण सलग २१८ सामने, विरोधकांनी मारलेल्या २८ किक अडवलेल्या. काटा खोटं बोलत नव्हता, पण काट्याला विचारलेला प्रश्नच अपुरा होता.

माझ्या मते ग्रँट यांच्या निर्णयात वजनाइतकीच आणखी एक गोष्ट होती, जी कोणत्याही अहवालात येत नाही. संघ म्हणजे एक शिस्त. सगळे एकाच वेळी जेवतात, एकच पुस्तक घोकतात, एकाच माणसाचं ऐकतात. त्या शिस्तीत संघटनेचा प्रतिनिधी, कायद्याचा विद्यार्थी आणि प्रशिक्षकाला नको असताना रोज धावायला जाणारा माणूस हे तिन्ही एकाच अंगात आले, की ते अंग परकं वाटू लागतं. ही माझी अटकळ आहे, सिद्ध करता येणारी गोष्ट नाही. पण त्या दशकात अनेक संघांनी संघटनेचे प्रतिनिधी असलेल्या खेळाडूंना सोडून दिलं किंवा दुसरीकडे पाठवलं, आणि खेळाडूंनी त्यात सूड पाहिला, एवढं नोंदलेलं आहे.

शिस्तीच्या त्या पुस्तकाबद्दल पेज यांनी स्वतः एक प्रसंग सांगितला आहे, आणि तो सांगितला तेही मुद्दाम निवडलेल्या ठिकाणी. कँटनमध्ये व्यावसायिक फुटबॉलचं कीर्तिमंदिर आहे. ते १९६३ मध्ये उघडलं. त्याचं बांधकाम चालू असताना पोरसवदा पेज यांनी तिथे मजुरी केली होती. १९८८ मध्ये त्याच वास्तूत त्यांची प्रतिमा बसवली गेली. अशा समारंभात खेळाडूची ओळख करून द्यायला बहुधा त्याचा जुना प्रशिक्षक असतो. पेज यांनी बोलावलं मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला, विलरीन बीझली यांना. भाषणात खेळाच्या आठवणी जवळजवळ नव्हत्याच. त्यांनी सांगितलं ते व्हायकिंग्जच्या एका बैठकीचं. बचावफळीच्या प्रशिक्षकाने डावांचं पुस्तक उघडलं आणि खेळाडूंना आळीपाळीने मोठ्याने वाचायला सांगितलं. काहींनी वाचलं, काही अडखळले, आणि काहींना वाचताच येत नव्हतं. त्या खोलीतला प्रत्येक जण महाविद्यालयात जाऊन आला होता. वाचता न येणारा मोठा माणूस आपल्या सहकाऱ्यांसमोर पान हातात धरून गप्प बसला आहे, हे चित्र मला त्या चार हरलेल्या अंतिम सामन्यांपेक्षा जास्त छळतं. शाळेने त्याला पुढे ढकललं कारण तो चेंडूवाल्याला पाडू शकत होता. विद्यापीठाने घेतलं तेही त्याचसाठी. त्याच्या हाती पान देऊन वाच म्हणणारा पहिला माणूस व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक निघाला, आणि तोही डाव पाठ व्हावेत म्हणून.

इथे सर्वांत जड आक्षेप येतो. पेज हे अपवाद आहेत. असामान्य बुद्धी, असामान्य शरीर, नोत्र दामसारखं विद्यापीठ, समजूतदार जोडीदार. असा एखादाच निघतो. लीगमधली सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांची असते, तेवढ्यात कोण विधी महाविद्यालय पूर्ण करणार? शिवाय ज्या खेळाला मी मालकी सांगणारा म्हणतो, त्यानेच त्यांना विद्यापीठाची शिष्यवृत्ती दिली, पैसा दिला, नाव दिलं. त्या नावाशिवाय ते न्यायमूर्तिपदाची निवडणूक जिंकले असते का? यातला बराचसा भाग मला मान्य आहे. खेळाने दिलं, भरपूर दिलं. आणि शिक्षण हे काही चिलखत नव्हे, हेही मान्य करावं लागतं. डेव्ह डुअर्सन याचं उदाहरण डोळ्यांआड करता येत नाही. तोही नोत्र दामचाच, अर्थशास्त्राचा पदवीधर, तोही बचावपटू, १९८५ च्या हंगामात जगज्जेत्या ठरलेल्या शिकागो बेअर्सचा. निवृत्तीनंतर तो माजी खेळाडूंच्या अपंगत्वाच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या मंडळाचा सदस्य होता, आणि डोक्याला बसणाऱ्या मारामुळे पुढे मेंदू बिघडतो या म्हणण्याबद्दल त्याने साशंकता दाखवली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. आपला मेंदू तपासणीसाठी द्यावा असा निरोप त्याने मागे ठेवला होता. बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांना त्यात सीटीई हा आजार सापडला, वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदू झिजवणारा. शिकलेला, हुशार, व्यवस्थेच्या टेबलावर बसलेला माणूसही आपल्या शरीराचा हिशेब वेळेत मांडू शकला नाही.

पण डुअर्सनची गोष्ट माझ्या मुद्द्याच्या विरोधात जात नाही, ती त्याला वेगळ्या बाजूने भिडते. एकट्या खेळाडूच्या शहाणपणावर भागत नाही, हिशेब कोणाच्या वहीत लिहिला जातो हा प्रश्न आहे. माजी खेळाडूंच्या मेंदूच्या इजांबद्दल लीगने न्यायालयात जी तडजोड केली, ती २०१५ मध्ये मंजूर झाली. त्या तडजोडीखाली भरपाई ठरवणाऱ्या चाचण्यांमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळची बौद्धिक पातळी गोऱ्यांपेक्षा कमी धरणारं गणित वापरलं जात होतं. पातळी मुळातच कमी धरली, की घसरण कमी दिसते, आणि घसरण कमी दिसली की भरपाई नाकारता येते. केव्हिन हेन्री आणि नाजे डेव्हनपोर्ट या दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये त्याविरुद्ध दावा केला, तेव्हा कुठे २०२१ मध्ये लीगने ही पद्धत सोडायचं कबूल केलं. हेन्री पिट्सबर्गच्या बचावफळीत खेळलेला. ज्या लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, तिथे एकविसाव्या शतकाची वीस वर्षं उलटल्यावर हे चालू होतं. पेज अपवाद आहेत हे खरंच. पण त्यांना अपवाद ठेवण्याची जबाबदारी बाकीच्यांच्या आळसावर ढकलण्याआधी हे गणित एकदा नजरेखालून घालावं.

आणि पेज यांनीही आपलं अपवाद असणं मिरवलं नाही, ते मोडीत काढायच्या मागे लागले. कीर्तिमंदिरातल्या भाषणाच्या वर्षीच, १९८८ मध्ये, त्यांनी आणि डायन यांनी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केलं. मिनेसोटातल्या वंचित वर्णगटांतल्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी ते पैसे देतं, आणि बदल्यात प्रत्येकाकडून एक अट पाळून घेतं : शाळेतल्या लहान मुलांना शिकवायचं, त्यांच्यासोबत वेळ घालवायचा. त्या बैठकीच्या खोलीत पान धरून बसलेल्या माणसासाठी कोणीतरी तो सात वर्षांचा असताना जे करायला हवं होतं, ते ही अट मागते. आजवर हजारो विद्यार्थी या वाटेने गेले आहेत. २०२० मध्ये पेज यांनी मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील काश्करी यांच्यासोबत मिनेसोटाच्या राज्यघटनेत दुरुस्ती सुचवली, उत्तम सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क ठरवणारी. शिक्षकांच्या संघटनेने विरोध केला, प्रस्ताव विधिमंडळात अडकला. विरोधाची कारणं पोकळ नव्हती. न्यायालयात मिळवलेला हक्क वर्गात शिक्षक आणून देत नाही. तरी पेज यांनी हाच मार्ग का निवडला, ते त्यांचं पूर्वायुष्य पाहिल्यावर कळतं. खेळाडूंच्या संपाने जे साधलं नाही, ते न्यायालयातल्या निकालाने साधताना त्यांनी जवळून पाहिलं होतं.

त्याच मिनियापोलिसमध्ये खेळाडूंच्या त्या न्यायालयीन लढ्याचा पुढचा अंक १९९२ च्या सप्टेंबरात घडला. तिथल्या जूरीने लीगचे खेळाडूंना बांधून ठेवणारे नवे नियमही बेकायदा ठरवले, आणि पाठोपाठ रेगी व्हाइट या बचावपटूच्या नावाने झालेल्या दाव्यातून १९९३ पासून खेळाडू खऱ्या अर्थाने मोकळे झाले. योगायोग असा की १९९२ मध्येच पेजही न्यायालयात होते, स्वतःच्या दाव्यासाठी. मिनेसोटात न्यायाधीश निवडून येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेची निवडणूक लढवायची पेज यांची तयारी होती, तेव्हा गव्हर्नरांनी त्या जागेवरच्या न्यायमूर्तींची मुदत वाढवली आणि निवडणूकच टळली. पेज यांनी दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयातच गेलं, पण तिथल्या न्यायमूर्तींनी बाजूला होऊन बदली न्यायाधीशांचं पीठ बसवलं, आणि निकाल पेज यांच्या बाजूने लागला. निवडणूक झाली, ते जिंकले, आणि जानेवारी १९९३ मध्ये त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. नावामुळे मतं मिळाली, हे निःसंशय. पण मतपत्रिकेवर ते नाव छापलं जाणं हे फुटबॉलमुळे झालं नाही, नियम वाचता येण्यामुळे झालं. २००८ च्या सिनेट निवडणुकीत अल फ्रँकन आणि नॉर्म कोलमन यांच्यातला फरक अखेर ३१२ मतांवर आला, तेव्हा तो वाद ऐकणाऱ्या पीठाच्या अध्यक्षस्थानी पेज होते. आठ महिने रखडलेल्या त्या प्रकरणात पाचही न्यायमूर्तींचा निकाल एकमताचा होता.

पेज दांपत्याने वर्षानुवर्षं जमवलेला एक संग्रह २०१८ च्या जानेवारीत मिनियापोलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मांडला गेला. त्यात गुलामगिरीच्या काळातल्या वस्तू होत्या, वर्णभेदाच्या काळातल्या 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या होत्या, आणि लिंकन गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ रंगवलेला एक कापडी फलकही होता. माणसाच्या अंगावर मालकी सांगणाऱ्या वस्तू आणि त्या मालकीला नकार देणाऱ्या वस्तू एकाच दालनात होत्या. डायन त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या. नोव्हेंबरात पेज यांना राष्ट्राध्यक्षांकडून स्वातंत्र्यपदक मिळालं.

न्यायपीठावरून ते उतरले २०१५ च्या ऑगस्टमध्ये. मिनेसोटाच्या कायद्यानुसार न्यायाधीशाला सत्तरी गाठली की पद सोडावं लागतं, आणि ७ ऑगस्टला ते सत्तर वर्षांचे झाले. आपल्या मर्जीशिवाय जागा सोडावी लागण्याची ही त्यांची दुसरी वेळ. पहिल्या वेळी ते ३३ वर्षांचे होते, हंगाम अर्धाही झाला नव्हता, माप एका माणसाच्या मनात होतं आणि मोल शंभर डॉलर. या वेळी तारीख त्यांना बावीस वर्षं आधीपासून ठाऊक होती, आणि पीठावरच्या साऱ्यांना तोच नियम होता. मिनियापोलिसच्या मॅरेथॉनच्या दिवशी घराजवळच्या तळ्याकाठी उभे राहून ते अनेक वर्षं धावणाऱ्यांसाठी ट्युबा वाजवत आले आहेत. ते भलंमोठं पितळी वाद्य छातीशी धरतात, आणि करंगळी तशीच बाहेर वळलेली असते.